ह्या गोष्टींना ‘मंग’ नाही

देवरे बाई, उद्या शनिवारी शाळेत तुमची शोकसभा आहे आणि मोठ्या बाईंनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. "इतकी वर्षं शेजारच्या वर्गात होतात, तुम्हीच बोला," म्हणाल्या. मी हो म्हटलं. आता दुपार आहे, शाळा सुटलीये, मी वर्गात बसून कागदावर काहीतरी लिहायला बघतेय आणि जे उतरतंय ते शोकसभेचं होतच नाहीये. तुमच्याशी बोलल्यासारखं होतंय. होऊ दे. तसंही आपलं निम्मं बोलणं पार्टिशनच्या आडूनच झालं.

मला उद्या दोन गोष्टी करायच्यात. एक, तुमचे आभार मानायचे. ते सोपं आहे, त्याला पाच मिनिटं पुरणार नाहीत एवढंच. दुसरी म्हणजे, आठ वर्षांपूर्वी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी तुमच्यावर जो आरोप केला, तो सगळ्यांसमोरच परत घ्यायचा. निलोफरच्या चष्म्याचा. तो परत घेतला नाही, तर ह्या शाळेत तुमचं नाव निघेल तेव्हा कोणीतरी म्हणणारच, "बाई चांगल्या होत्या हो, पण ते चष्म्याचं तेवढं..." आणि मी मान हलवीन. आजवर हलवली तशीच. मला आता ती मान हलवायची नाहीये.

पण आधी आभारांचं बोलते. ते बोलताना जरा धीर येईल.

मी ह्या शाळेत आले तेव्हा नवी कोरी होते. उत्साह असा की बघणाऱ्याला दम लागावा. तुमच्याकडे दुसरी, माझ्याकडे पहिली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. माझ्या बाजूने दिवसभर एकच गजर: "बाई, हा बघा ना." "बाई, माझं टोक तुटलं." "बाई, ही मला डब्याला घेत नाही." "बाई, माझ्या जागेवर तो बसला." आणि मी आपली ह्या बाकावरून त्या बाकावर. टेबलाला लावायचं हँडलवालं शार्पनर मी स्वतःच्या हौसेने आणलं होतं. रोज सकाळी प्रार्थनेनंतर चाळीस पेन्सिलींना टोकं करायचे. बुधवारपर्यंत घसा बसलेला असायचा आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तुमच्या बाजूने कसला आवाज नाही. मला वाटायचं, बाई फार कडक असणार, पोरं टरकून असतील बिचारी.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही दारातून डोकावलात. शार्पनर बघितलंत, खाली पडलेला भुसा बघितलात. "ओ मॅडम, उद्या तुम्ही आजारी पडल्या तर ह्या पेन्सिली काय करतील?"

"मी आजारी पडत नाही," मी म्हटलं.

"मंग ठीक," म्हणालात आणि गेलात. मला इतका राग आला होता, बाई. घरी जाऊन ह्यांना सांगितलं, की शेजारच्या वर्गात एक खडूस बाई आहेत, सटाण्याच्या. हे ओझरच्या कारखान्यातून दमून आलेले, म्हणाले, "तुला पेन्सिली विचारल्या त्यात खडूस काय?" म्हणून ह्यांचाही राग आला.

तो तुमचा ‘मंग’. इतकी वर्षं नाशकात काढून तुमची भाषा चांगली शहरी झाली होती. ‘आहे’चा अहिराणी ‘शे’ फक्त भावाचा फोन आला की ऐकू यायचा. पण ‘मग’ काही तुमच्या तोंडी बसला नाही. त्यावरचा तो अनुस्वार तुम्ही सटाण्याहून आणलात आणि शेवटपर्यंत सांभाळलात. पोरं पाठीमागे तुम्हाला मंगबाई म्हणायची, तुम्हाला ठाऊक होतं.

एकदा मी पार्टिशनच्या फटीतून बघत होते, कबूल करते. तुमच्या वर्गातली ओवी बाटली घेऊन तुमच्याकडे आली. "बाई, झाकण उघडत नाही."

तुम्ही वह्या तपासत होतात. "मंग?"

"घट्ट बसलंय."

"मंग?"

पोरगी थांबली. बाटलीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं. तुमचा लाल पेन चालूच. मला फटीतून आत जाऊन ते झाकण उघडून द्यावंसं वाटत होतं, अक्षरशः हात शिवशिवत होते. "मंग... रुमालाने धरून बघू?" पोरीने विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाही, कारण तिला उत्तर नकोच होतं. ती जागेवर गेली, रुमाल गुंडाळला, शेजारणीला खालून धरायला लावलं, उघडली बाटली. दोघी पाणी प्यायल्या.

तुमच्या ‘मंग’मध्ये खोच नव्हती, हे मला उशिरा कळलं. मी शहरातली, मला तो ‘मग मी काय करू’ असा ऐकू यायचा. पोरांना तो ‘पुढे काय, सांग की’ असा ऐकू यायचा. एखादं पोर तिसऱ्या ‘मंग’ला रडायला लागायचं. तेव्हा तुम्ही त्याला जवळ घ्यायचात, पदराने डोळे पुसायचात, पाठीवर हात फिरवायचात. आणि रडू थांबलं की परत, जरा हळू आवाजात, "मंग?"

आणि तो बिस्किटांचा डबा. अडचणीचा डबा. त्यात रबर बँड, सेफ्टी पिना, सुतळी, चिकटपट्टी, खडूचे तुकडे, दोन साधी शार्पनरं, जुन्या साडीच्या चिंध्या. विचारायचं नाही, घ्यायचं आणि काम झालं की परत ठेवायचं. बुटाचा बंद तुटला तर सुतळी, पाणी सांडलं तर चिंधी. मला तो डबा भंगार वाटायचा. पोरांना त्यातलं काय कशाला लागतं हे तोंडपाठ होतं.

दाराजवळची लाल फरशी तर सगळ्या शाळेत गाजली. शहाबादी फरशीतली एक फुटली होती आणि कंत्राटदाराने बाथरूमची उरलेली लाल फरशी तिथे बसवून टाकली. आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. तुम्ही मात्र नियम काढलात: भांडण झालं की दोघांनी त्या एका फरशीवर उभं राहायचं, चारही पाय आत, आणि मिटलं की खाली उतरायचं. बाईंना सांगायचं नाही काय ठरलं ते. आता दोन फुटांच्या फरशीवर दोन पोरं म्हणजे नाकाला नाक. पहिल्या मिनिटाला एकमेकांना ढकलायची, दुसऱ्या मिनिटाला हसायला लागायची. तुम्ही मान वर करूनसुद्धा बघायचा नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, ऐका तरी काय ठरवतात ते." तुम्ही म्हणालात, "त्यांचं त्यांनी ठरवलं. मी ऐकलं तर ते माझं होईल."

नळाचं तर सांगायलाच हवं. तुम्ही ऑफिसात बैठकीला गेला होतात आणि व्हरांड्यातला पाण्याचा नळ निखळून आला. पाण्याची धार थेट वर्गांच्या दारात. मी धावले, ओरडले, ‘शिपाई कुठे, शिपाई कुठे’ करत साडी वर खोचली. माझी पोरं बाकांवर चढून रडायला लागली, कारण मी ओरडत होते. तुमच्या वर्गात बाई नव्हत्याच. तिथला एक गडी अंगठा नळाच्या भोकात खुपसून उभा, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला आणि प्रचंड खूश. दोघी जणी जिन्याखालचा कॉक फिरवायला गेल्या होत्या, कारण तो कॉक कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. मी तिथे आठ महिने नोकरी करत होते. पाणी बंद झालं आणि तुमची पोरं चिंध्या घेऊन फरशी पुसायला लागली. त्यातल्या एकीने माझ्या हातातही चिंधी दिली. म्हणाली, "बाई, तुम्ही तिकडनं घ्या." मी घेतली.

डब्याच्या सुट्टीत आपली भांडणं चालायची. तुमची बाजरीची भाकरी, ठेचा, माझी पोळीभाजी, आणि मध्ये हा विषय. मी म्हणायचे, "सहा-सात वर्षांची लेकरं आहेत, आईबाप आपल्या भरवशावर सोडतात. आपण हात बांधून बसायचं?" तुम्ही पेठकडच्या पाड्यावरच्या शाळेचं सांगायचात, जिथे तुम्ही नोकरीची पहिली वर्षं काढलीत. एक खोली, चार वर्ग, एक बाई. "मी चौथीला भागाकार शिकवायची तर पहिलीचं नाक कोण पुसणार? दुसरी पुसायची. मला काही सुचलं नव्हतं वैशाली, मला जमतच नव्हतं. पोरांनीच केलं ते. मी फक्त मधे पडायची नाही." मी म्हणायचे, "तिथे नाइलाज होता. इथे नाही." तुम्ही म्हणायचात, "इथे आपण नाइलाज होऊ देत नाही, हाच तर घोळ." मी म्हणायचे, "आणि एखादं पोर सांगायचंच बंद झालं तर?" त्यावर तुम्ही भाकरीचा तुकडा मोडायचात. ह्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नाही हे तुम्ही लपवलं नाहीत. तो वाद आपला तसाच राहिला.

तेव्हा मोठ्या बाईंच्या मनात होतं, की शाळेत नव्या येणाऱ्या बायांना तुम्ही महिनाभर आपल्या वर्गात बसवून ही रीत दाखवायची. तुम्ही खूश होतात. बोलून दाखवलं नाहीत, पण त्या आठवड्यात डब्यात शेवभाजी आली होती.

मग निलोफरचं झालं.

निलोफर माझ्याकडे पहिलीला होती, मग तुमच्याकडे दुसरीला आली. वडिलांचं जुन्या नाशकात गाद्या भरायचं दुकान, पोरगी हुशार, चुणचुणीत. तुमच्याकडे उंचीप्रमाणे बसवायची पद्धत, ती उंच, म्हणून शेवटच्या बाकावर गेली. शेजारी तन्वी. ह्या दोघींचं इतकं गुळपीठ जमलं की तुम्ही पालकसभेत त्यांचं उदाहरण दिलंत. तन्वी फळ्यावरचं हळू आवाजात वाचायची, निलोफर लिहून घ्यायची. बदल्यात निलोफर तन्वीला पाढे म्हणून दाखवायची, बुटाचे बंद बांधून द्यायची. तुम्ही म्हणालात, "बघा, अशी मदत करावी एकमेकींना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्ष संपत आलं तेव्हा शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले. निलोफरला दोन्ही डोळ्यांना चारच्या वर नंबर निघाला. तिला फळा दिसतच नव्हता. तिची अडचण तिची तिनेच सोडवली होती, इतकी छान सोडवली होती की वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही. तिची अम्मी व्हरांड्यात डोळ्याला ओढणी लावून बसली होती.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. तुम्हालाही आठवत असणारच, म्हणून लिहिते. मी म्हटलं, "मंग मंग करत बसलात आणि पोरीला दिसत नाही हे वर्षभर कळलं नाही तुम्हाला. ती सांगायला आली असती तरी तुम्ही मंगच म्हणाला असतात. ही काय शिकवायची रीत झाली?" एकीच्या हातातला चमचा खाली पडला तो कोणी उचलला नाही. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत, दोन्ही कड्या दाबल्यात आणि म्हणालात, "बरोबर आहे तुझं. चुकलं माझं."

नव्या बायांना शिकवायचं बारगळलं. मोठ्या बाईंनी परत विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फटीतून बघितलं. तुम्ही पोरांना जमिनीवर गोल करून बसवलं होतंत. म्हणालात, "आता नीट ऐका. काही गोष्टींना मंग आहे आणि काही गोष्टींना मंग नाही. दुखतंय, त्याला मंग नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही, मंग नाही. भीती वाटते, मंग नाही. कोणी म्हटलं की हे बाईंना सांगू नको, तर त्याला तर अजिबात मंग नाही. ह्या गोष्टींना डबा नाही न् फरशी नाही. धावत यायचं. मी वह्या तपासत असले तरी माझा हात धरायचा, पेन ओढून घ्यायचा." एका पोराने विचारलं, "आणि शू?" तुम्ही म्हणालात, "शूला पण मंग नाही, बाबा, जा पळ." त्यानंतर दर शनिवारी तुम्ही एकेकाला शेवटच्या बाकावर बसवून फळा वाचून घ्यायचात. ते तुम्ही कधीच चुकवलं नाहीत.

माझ्या तोंडच्या एका वाक्यावर तुम्ही तुमची रीत पक्की केलीत. मी मात्र तुमची रीत चोरून घेतली. त्याच जूनमध्ये माझं हँडलवालं शार्पनर कपाटात गेलं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक डबा आला. मी त्याला खोका म्हणायचे, म्हणजे तुमचा वाटू नये. ‘मंग’ म्हणायची मला लाज वाटायची म्हणून मी "बरं, पुढे?" म्हणायचे. तुम्ही एकदा खडू मागायला आलात, डबा बघितलात, जाताना त्यात दोन सेफ्टी पिना टाकून गेलात. त्याबद्दल आभार कसे मानू ते मला कळत नाही. गेली आठ वर्षं माझा घसा बसलेला नाही. परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने फोनच्या ग्रुपवर लिहिलं, "मॅडम, आर्याचा खोडरबर हरवलाय, बघाल का?" आणि मी लिहिलं, "आर्याला माहीत आहे कसा शोधायचा." त्यावर आईने रागाचा चेहरा पाठवला आणि मला हसू आलं. हे सगळं तुमचं आहे.

आता ते. लिहूनच टाकते.

पहिलीत असताना निलोफर माझ्याकडे होती हे वर लिहिलंय. दिवाळीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की ही पोरगी फळ्याकडे डोळे बारीक करून बघते. मी काय केलं? तिला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. झालं काम. मला नेहमीप्रमाणे बरं वाटलं, पोरीची अडचण मी चुटकीसरशी दूर केली. घरी सांगितलं नाही. कुठे लिहिलं नाही. दुसरीला गेली तेव्हा तुम्हालाही सांगितलं नाही. विसरले. तुम्ही उंचीप्रमाणे मागे बसवलंत, कारण तुम्हाला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. त्या दुपारी स्टाफरूममध्ये बोलायला सुरुवात केली तेव्हा मी ते विसरलेलीच होते. पण बोलता बोलता, मध्येच, मला तो पहिला बाक आठवला. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. माझा आवाज चढला तो त्यानंतर चढला, बाई. मला वाटलं, मी गप्प झाले तर सगळ्यांना दिसेल. म्हणून मी शेवटपर्यंत ओरडले.

इतकी वर्षं मी समजत होते, की हे मला एकटीलाच माहीत आहे. तुमच्या दहाव्याला नदीवरून सगळे तुमच्या घरी आलो. तिथे निलोफर आणि तिची अम्मी आली होती. निलोफर आता दहावीला आहे, चष्मा झकास दिसतो तिला. अम्मी माझ्याजवळ बसली, डोळे पुसत म्हणाली, "देवरे बाई लय मोठ्या दिलाच्या होत्या, मॅडम. चष्म्याच्या दिवशीच मी त्यांना बोलले होते, की पहिलीत गायधनी बाईंनी, म्हणजे तुम्ही, हिला पुढे बसवलेलं, आम्हाला वाटलं हुशार म्हणून बसवलं. तर बाई म्हणल्या, अम्मी, हे आता कोणाला बोलू नका, त्या नव्या आहेत, रडतील."

मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं. स्टाफरूममध्ये यायच्या आधी माहीत होतं. मी ओरडत होते आणि तुम्ही डब्याच्या कड्या दाबत होतात आणि तुम्हाला माहीत होतं. चार दिवस मला तुमचा उपकार वाटला. मग राग आला, हो, तुमचा राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, ज्याला आता जाब विचारता येत नाही. पोराच्या बाटलीचं झाकण उघडून न देणारी बाई माझं एवढं मोठं झाकण बसवून देते, हे कसं? मीच एकटी लाडकी होते का?

मग मला दुसरंच आठवायला लागलं. शाळा सुटल्यावर कधी कधी तुम्ही माझ्या दाराशी थांबायचात. पर्स खांद्याला, छत्री काखेत. "काही बोलायचंय का, वैशाली?" मी म्हणायचे, "नाही हो, कुठे काय." "बरं," म्हणायचात आणि जायचात. वर्षातून दोनदा, तीनदा. मला वाटायचं, बाईंना गप्पा मारायच्या असतील. गेल्या महिन्यात मी तुम्हाला भेटायला घरी आले होते. तुम्हाला उशीला टेकवून बसवलं होतं, आवाज अगदी बारीक झाला होता. तेव्हाही विचारलंत, "काही राहिलंय का बोलायचं?" आणि मी तुम्हाला नवं वेळापत्रक सांगितलं. शनिवारची कवायत पहिल्या तासाला घेतलीये ते सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

तुम्ही झाकलं नव्हतंत. तुम्ही माझी वाट बघत होतात. आठ वर्षं एका शब्दाने ढोसलं नाहीत, लाजवलं नाहीत, दुसऱ्या कोणाला मध्ये पडू दिलं नाहीत. आणि मी, एवढी शिकलेली बाई, तुमच्या दुसरीतल्या पोरांच्या मागे राहिले.

इथवर शुक्रवारी लिहिलं. आज रविवार आहे.

काल हॉलमध्ये सगळे होते. तुमचा फोटो, त्याला झेंडूचा हार. तुमची पोरं पुढे सतरंजीवर. तुम्ही आजारी पडल्यापासून ती माझ्याच वर्गात बसतात. पहिल्या दिवशी मी बसायचा तक्ता करत बसले होते, तोवर त्यांनी पहिलीचं एकेक पोर शेजारी घेऊन बाकं भरूनही टाकली होती. मोठ्या बाई बोलल्या, एक ट्रस्टी बोलले. ट्रस्टी म्हणाले, "काही त्रुटी प्रत्येकात असतात, पण बाईंची तळमळ..." मागे कोणीतरी हळूच मान हलवली, मला दिसलं.

माझं नाव पुकारलं. हातात लिहिलेला कागद होता, उघडलाच नाही. मी म्हटलं, "निलोफरला दिसत नाही, हे देवरे बाईंच्या आधी वर्षभर मला माहीत होतं. मी कोणालाही सांगितलं नाही. चूक माझी होती, आणि बाईंवर ओरडत असताना मला ते आठवलं होतं, तरी मी ओरडत राहिले. बाईंना हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही." एवढंच म्हटलं. पाच मिनिटांतलं एक मिनिटही लागलं नाही.

मोठ्या बाई पटकन उठून म्हणाल्या, "असो, असो, आता ते कशाला." मी म्हटलं, "नाही, असो नाही." स्टाफमध्ये जिने त्या दिवशी चमचा पाडला होता ती उठून बाहेर गेली. कौतुक कोणी केलं नाही, आणि बरं झालं. दोघी तर सभेनंतर माझ्याशी बोलल्याच नाहीत. फक्त ह्या वर्षी नोकरीला लागलेल्या कांबळे बाई सभा संपल्यावर आल्या. विचारलं, "मॅडम, देवरे बाईंची ती रीत म्हणजे नेमकी कशी होती? मला दाखवाल?" मी म्हटलं, सोमवारी या, शेवटच्या बाकावर बसा, आधी फळा दिसतो का बघा.

घरी आले, चपला काढल्या, ह्यांना काही सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं. मेल्यानंतर माणसाला काही कळतं का, मला ठाऊक नाही, आणि कळतं असं मानून स्वतःची समजूत घालायची माझी इच्छा नाही. तुम्ही दाराशी उभ्या होतात तेव्हा सांगायला हवं होतं. ते राहिलं आणि आता ते कधीच होणार नाही, हे माझं मला सहन करायचंय.

पण सांगितलं, बाई. कोणी सांगायला न लावता, माझं मीच सांगितलं.